उत्कर्षाने थांबवलेली होडी

उत्कर्षा नेमकं काय काम करते, हे तिच्या वडिलांना अजून धड सांगता येत नाही. गेनबांचा हडपसरचा मळा गेला, तिथं काचेची इमारत उभी राहिली आणि त्याच इमारतीत पोरगी नोकरीला लागली. ‘काम्पुटरमधी हाय,’ एवढं बोलून ते विषय संपवतात. तेव्हा मीच सांगतो. उत्कर्षा खेळ लिहिते, आणि तिच्याइतकं सचोटीनं लिहिणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मी तिचा नातेवाईक नाही, त्यामुळे उगाच कौतुक करायचं मला काही कारण नाही.

सुरुवातीची वर्षं तिनं परदेशी कंपन्यांसाठी मारामारीचे खेळ लिहिले. तलवारींना नावं द्यायची, पहाऱ्यावरचा शिपाई हटकताना काय म्हणेल ते लिहायचं. ‘थांब’ म्हणण्याचे जेवढे म्हणून प्रकार आहेत तेवढे मला येतात, असं ती हसत सांगते. तिचं नाव मात्र कुठंच छापलं जायचं नाही. मग कंपनीच्या मागं लागून लागून तिनं ‘देवघाट’ सुरू करवला.

हा नुसता लिहून खेळायचा खेळ. एक गाव, एक नदी. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, ते काय करतं, काय बोलतं ते लिहायचं. त्यावर दुसरा आपल्या पात्राचं लिहितो आणि गोष्ट पुढं सरकते. पूर कधी यायचा, जत्रा कधी भरायची, ते उत्कर्षा ठरवते. तिचंही एक पात्र आहे, आजीचं नाव दिलेली म्हातारी तुळजाबाई. नियम एकच, पण कडक: दुसऱ्याच्या पात्राचं आपण लिहायचं नाही. काठी तुम्ही उगारा. ती लागली की नाही, हे ज्याच्यावर उगारली तो लिहील.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो आणि घरी बसून आमटीत खोट काढू लागलो. तेव्हा वासंतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मला फोनवर हा खेळ काढून दिला. “अहो, तिथं जाऊन बोला,” म्हणाली. मी नावाडी झालो. माझ्या नावाड्याची एक खोड होती. भाडं घेतल्याशिवाय तो होडी काठाला लावायचा नाही, आणि भाडं म्हणजे प्रत्येक उतारूनं स्वतःबद्दलची एक खरी गोष्ट सांगायची.

पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं, की पाटील माझ्या होडीत भेदरून बसला. उत्कर्षाचा लगेच निरोप आला, ‘दत्तोबाकाका, पाटील भेदरला का, ते पाटलाला विचारा.’ मला राग आला. जन्मभर हाताखाली माणसं सांभाळलेला मी, आणि ही मला शिकवणार. पण बाईचं बरोबर होतं.

मग खेळात पूर आला. सगळं गाव माझ्या होडीत बसलं, मी होडी मध्यधारेत आणली आणि त्याच दिवशी इकडं माझा उजवा हात गेला. पक्षाघात. जीभही जड झाली. दवाखान्यात आणि नंतर घरी, खेळ कुणाला आठवतोय.

तिकडं कंपनीनं खेळाचा पुढचा भाग पैलतीरावर आखून त्याची जाहिरातही केली होती. उत्कर्षाचे साहेब विश्वजीत म्हणाले, दोन ओळी लिही, नावाड्यानं होडी लावली, संपलं. ती म्हणाली, नावाडी काकांचा आहे. मग बुडवून टाक त्याला, ते म्हणाले. तेही तिनं नाकारलं. महिनाअखेरीपर्यंत वाट बघतो, नंतर नावाडीही नाही आणि या कामावर तूही नाहीस, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्वतः जन्माला घातलेला खेळ हातचा जाणार होता. तरी ती ढिम्म हलली नाही. होडीतली मंडळीही तिच्यासारखीच निघाली. कुणी लोट्यानं पाणी उपसत होतं, कुणी पोराला निजवत होतं, पण वल्ह्याला एकानंही हात लावला नाही.

महिना संपत आला तेव्हा ती सीताफळं घेऊन आमच्या घरी आली. आमची ती पहिलीच भेट. माझ्यापाशी बसली, फिजिओथेरपीची चौकशी केली, खेळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. स्वयंपाकघरात वासंतीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं. वासंती म्हणाली, यांच्या वतीनं मीच दोन ओळी लिहून टाकते, कुणाला कळणार आहे?

“मला कळेल ना, काकू,” उत्कर्षा म्हणाली, आणि चहा पिऊन निघून गेली.

हे ऐकल्यावर मी फोन मागून घेतला. डाव्या हाताच्या एका बोटानं, अक्षरं चुकवत, खोडत, लिहायला बसलो. वासंतीला वाटलं, आता होडी लागणार काठाला. मी लिहिलं, ‘नावाडी म्हणाला, आधी भाडं काढा.’

भाडं द्यायला लोकांची नुसती झुंबड उडाली. पाटलानं सांगितलं, या खेपेला तो खरंच भेदरला होता. एकेक करत सगळ्यांनी भाडं दिलं. शेवटी तुळजाबाई उरली.

‘मी आजवर काहीतरी थातुरमातुर सांगून भाडं चुकवत आले,’ तुळजाबाईनं लिहिलं. ‘आज खरं सांगते. नावाडी येणार, नावाडी येणार, असं मी साऱ्या होडीला बजावत होते. माझी मलाच खात्री नव्हती. फार भ्याले होते.’

मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही. त्या पोरीचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कारखान्यात निरोपाची शाल घेताना स्वतःचासुद्धा वाटला नव्हता. वासंती म्हणाली, डोळे पुसा आणि लिहा, माणसं खोळंबलीत.

‘भाडं पोचलं,’ मी लिहिलं. ‘नावाड्यानं डाव्या हातानं वल्हं उचललं.’