शेवटच्या चारीचा निरोप

आई गेली त्यानंतरचा तो उन्हाळा. मला कशाचंच काही वाटत नसे. सकाळी महाडच्या ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं, दुपारी डबा उघडायचा आणि अर्धा तसाच बंद करायचा. लोक म्हणत, पोरगी खंबीर आहे. म्हणोत बापडे.

आमचं ऑफिस कालव्याचं. पोलादपूरच्या बाजूला डोंगरात एक लहानसं धरण, तिथून निघालेला कालवा आणि त्यावर ओळीने दरवाजे. कालव्याची खोड अशी की वर दरवाजा उचलला तरी खाली पाणी पोचायला वेळ लागतो. शेवटच्या गावाने ओरड केल्यावर दरवाजा उचलून उपयोग नसतो. तोवर भात वाळतं. आणि घाबरून जास्त उचलला तर मधल्या गावांच्या शेतात तळी साचतात. म्हणून पुण्याहून आलेल्या आमच्या साहेबांनी एक प्रोग्रॅम बसवला होता. ठिकठिकाणची पातळी घेऊन पुढच्या दोन दिवसांत कुठे किती पाणी असेल ते तो आधीच मांडायचा, त्यावरून आत्ता कुठला दरवाजा किती उचलायचा ते सांगायचा, आणि नवे आकडे आले की सगळं पुन्हा मांडायचा. दूध वर येण्याआधीच गॅस बारीक करणाऱ्या बाईसारखा. मला तो आवडायचा. निदान त्याला तरी पुढचं दिसत होतं.

शेवटच्या चारीवर, म्हणजे टोकाच्या गावाला पाणी नेणाऱ्या पाटावर, मात्र पातळी मोजणारं यंत्र नव्हतं. ते पुढच्या वर्षी येणार होतं; आमच्याकडे बरंच काही पुढच्या वर्षी येणार असे. तोवर त्या गावच्या एसटीडी बूथवर फोन करून पाणी आलं का ते विचारायचं आणि उत्तर कॉम्प्युटरला सांगायचं. ते गाव माझंच. चारीच्या अगदी टोकाला आमचं शेत, त्यात बाबांनी उन्हाळी भात लावलं होतं. मुंबईचा भाऊ त्यांना कधीपासून आपल्याकडे बोलावत होता. बाबांनी त्याला सांगून टाकलं होतं, की हे भात हाती लागलं तर मी इथंच राहीन, नाहीतर घराला कुलूप लावून येतो. त्यांनी राहावं असं मला वाटत होतं. ते घर बंद झालं असतं तर इथे आई होती असं म्हणायला जागाच उरली नसती. त्या दिवसांत मला एवढं एकच वाटत होतं, तेही लांबून.

प्रोग्रॅमच्या हिशोबाने पाणी टोकाला पोचायचं त्या दिवशी मी फोन केला. आखातातून परत येऊन बूथ टाकलेले चाचा म्हणाले, शेतावर माणूस पाठवतो. तासाभराने त्यांचाच फोन आला.

"तुझ्या बापाचा निरोप हाय. पाणी सोडलं म्हणून सांगा, म्हणतोय."

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. शेवटच्या चारीचं भागलं असा आकडा आम्ही भरला, प्रोग्रॅमने पुन्हा मांडणी केली आणि वरचे दरवाजे खाली आणले. अगदी शहाण्यासारखे, थोडे थोडे करून.

रविवारी मी गावी गेले. वरच्या गावाने कालव्यात दगड आणि पेंढा टाकून पाणी आपल्याकडे वळवलं होतं, ते एसटीतच कळलं. आमच्या चारीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. भातात गुरं चरत होती आणि बाबा बांधावर बसून त्यांच्याकडे बघत होते. मी म्हटलं, पाणी आलं होतं ना?

"आलं कुठं गो."

मग तसा निरोप का दिलात, असं मी विचारलं.

"आलं म्हणून नाय सांगितलं मी. सोडलं म्हणून सांगितलं. या जमिनीवर पाणी सोडलं मी."

मी त्यांना समजावत बसले, की कॉम्प्युटरला वाटलं पाणी पोचलं, म्हणून त्याने वरचे दरवाजे खाली आणले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आणि तुला? तुलापण तसंच वाटलं?"

मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी गुरं बाहेर काढली आणि आम्ही घरी आलो. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून आईची भांडी पोत्यात भरली. मला रडू येईल असं वाटलं होतं. पोत्याचं तोंड बांधून झालं तरी ते आलं नाही.