हौदापाशी उभं राहून

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घही चुकतं, कुणी वाचलंच तर माफी असावी. चौथीपर्यंतच शिकले. हे माझ्यापुरतंच लिहिते आहे.

हौदातून आमच्या कांद्याला पाणी कमी येऊ लागलं. वाटेत माझ्या धाकट्या जावेचे, विमलचे, वांग्याचे वाफे आहेत. यांना वाटलं, तीच पाट फोडून पाणी घेते. म्हणून यांनी पाटात काडी सोडली आणि त्या काडीबरोबर चालत निघाले.

विमल हसून म्हणाली, "भाऊजी, काडी दमली तर कडेवर घ्या."

काडी कांद्यापर्यंत पोचली. पाट कुठंच फुटलेला नव्हता, तरी यांचा संशय जाईना. दोघांचं बोलणं थांबलं.

मी भिडस्त, हौदापाशीच राहिले. मोटारीच्या धारेखाली बादली धरली, ती बारा आकडे मोजेपर्यंत भरली. हौदातून पाटात पडणाऱ्या धारेखालीही बारालाच भरली. येतं तेवढंच जातं, मग हौदातल्या पाण्याची पातळी हलायला नको. तेवढ्या वेळात पाणी मात्र चार बोटं उतरलं होतं. मागं जाऊन पाहिलं, तर भिंतीच्या बुडाशी चीर आणि चिखल.

पाण्याबरोबर चालणाऱ्याला त्याची वाट कळते. एका जागी थांबणाऱ्याला येणं, जाणं आणि उरणं कळतं. पाणी एकच, तेव्हा दोघांचा मेळ बसायलाच हवा. माझा जन्म एका जागी गेला, त्याचं मला आता वाईट वाटत नाही.

"चुकलं माझं, विमल," मी दाखवलेली चीर पाहून हे म्हणाले.

"मग सिमेंट तुम्हीच कालवा," म्हणत तिनं थापी घेतली. चीर बुजेपर्यंत दोघं पुन्हा एकमेकांची चेष्टा करू लागले होते.