रत्नाबाईंची साक्ष

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्या दिवशी मी रत्नाबाईंना बोलू दिलं नाही. चूक माझीच. ऐंशीच्या दशकात मरोळच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा सेक्रेटरी मी होतो आणि कार्यक्रमही मीच आखला होता.

रत्नाबाई म्हणजे आमच्या पाळकीणबाई. रविवारी त्या बायकांच्या बाजूला पुढच्या बाकावर बसत. साहेबांचा उपदेश लांबला की मांडीवरचं बायबल हळूच मिटत. साहेबांचं तिकडे लक्ष असेच. दोन वाक्यांत ते 'आमेन'वर येत. कुणी हसलं तर बाई म्हणत, "देवाला घाई नाही रे, पण बायकांना घरी जाऊन भात टाकायचाय."

पाळक साहेब होते, पण घरोघर फिरायच्या त्या बाईच. कारखाना बंद पडून माझी नोकरी गेली, तेव्हा मी चर्चला येणं सोडलं होतं. साहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. बाई सरळ खोलीवर आल्या. "देवावर रुसलास ना? रुस. चहा तरी पाजशील की नाही?" मग येतच राहिल्या. धर्माचं अक्षर न काढता माझ्या बायकोबरोबर भाजी निवडत बसायच्या. शेवटी मीच आपणहून चर्चला गेलो.

सुवर्णमहोत्सवाच्या आधी त्यांनी मला गाठलं. "सुधाकर, माझी साक्ष ठेव. इतकी वर्षं ह्यांचंच ऐकलं, एकदा मला बोलायचंय." देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, ती साक्ष. मी हो म्हणालो. पण त्या दिवशी पाहुण्या पाळकांची भाषणं लांबली, बाहेर जेवण निवत चाललं. बाई पदर सावरून उठल्या आणि मी माइकवर म्हणालो, "वेळेअभावी साक्ष रद्द. आता आशीर्वाद." त्या खाली बसल्या. पंगतीत मला वाढलंही त्यांनीच.

आठवड्यानं साहेब भेटले. "घरी बोलली ती. ऐकायला मी एकटाच." मग म्हणाले, "आमचं पहिलं बाळ गेलं, तेव्हा मी गावोगाव उपदेश करत हिंडत होतो. घरी ती देवाशी भांडत होती, हे मला आत्ता कळलं. मंडळीतल्या बायकांसाठी सांगायचं होतं तिला."

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. बाई तांदूळ निवडत होत्या.

"बाई, चुकलो. माफ करा."

"मला एकटीला काय सांगतोस? खाली बसवलंस तेव्हा सगळे होते ना?"

आवाजात राग नव्हता. त्यांनी ताट माझ्याकडेही सरकवलं, तांदूळ निवडायला.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ झाली तसा मी उठलो.

"रत्नाबाईंना आपल्याशी बोलायचं होतं. मला मात्र जेवण निवतंय एवढंच दिसलं," मी म्हणालो. "बाई, सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. माझी वेळ तुम्ही घ्या."