बैठकीतली चूल

दूध करपल्याचा वास आला की मला आमच्या पाटोद्याच्या बंगल्यातली वास्तुशांत आठवते. विलायतेत राणीचं राज्य असताना एका गोऱ्या साहेबाने बांधलेला तो पडका बंगला मी, आमच्या घराण्यातल्या पहिल्या बी.ए.ने, विकत घेऊन पुन्हा उभा केला होता. बैठकीच्या भिंतीतली संगमरवरी शेकोटी तर मी स्वतः रांगोळीने घासून लख्ख केली होती, कारण तहसीलदारसाहेबांपुढे मला तीच मिरवायची होती. पण गोऱ्या साहेबाचा मुदपाकखाना पार अंगणापलीकडे, त्यामुळे दूध उतू घालवायला आईला घरात चूल सापडेना. "बाहेर उतू गेलेलं दूध ह्या घराचं कसं?" म्हणत तिने शेकोटीतच गोवऱ्या पेटवल्या. "आई, ती अंग शेकायची जागा आहे!" मी ओरडलो. "शेकायला? आपल्याकडं ऊन कमी हाय व्हय?" धुराड्यात पारव्यांचा संसार होता. धूर उलटा बैठकीत भरला आणि अख्खं घरटं पातेल्याशेजारी धपकन आदळलं, तोच तहसीलदारसाहेब खोकत दारात आले. धुराने तोंड काळं झालेली आई आनंदाने म्हणाली, "गेलं उतू! आता घर आमचं झालं, या." तहसीलदारसाहेब डोळे पुसत शेकोटीजवळ वाकले आणि आपल्या उर्दूत म्हणाले, "मुबारक हो, अम्मा! चूल्हा तो बहोत शानदार बनाए." आजही मी दारावर बी.ए.ची पाटी लावून बसलो आहे, पण बंगल्याचा पत्ता विचारला की गाव सांगतं, "बैठकीत चूल हाय, त्ये घर."