धुरातलं नाव

अमरावतीच्या थिएटरात दुपारच्या खेळाला माझ्या शेजारी टोपीवाले एक काका बसले होते. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, नजर मात्र पडद्यावर खिळलेली. कोट्यवधींचा म्हणून गाजवलेला तो सिनेमा नुसताच दणदणत होता. पडदाभर धूर, त्यात कोण कोणाला कशासाठी मारतंय, काही कळेना. मध्यंतरात मी शहाणपणा पाजळला, "काका, हा धूर करणाऱ्याला आधी धरलं पाहिजे!"

त्यांनी बोळा काढून माझं म्हणणं पुन्हा ऐकून घेतलं.

"धूर माह्या पोरीनं केला जी. हैदराबादले कंप्युटरवर करते. शेवटी तिचं नाव येते म्हणे, इंग्रजीत. मले वाचून दाखवसान?"

मी ओशाळून पोरीचं नाव विचारून घेतलं. पण शेवटी पडद्यावर नावं धावू लागली, आणि मी सवयीनं खुर्चीखाली काढलेल्या चपला शोधायला वाकलो. वर पाहतो तर पडदा कोरा. काका आशेनं माझ्याकडेच पाहत होते.

मी पुढच्या खेळाची दोन तिकिटं काढली. दिवे मालवताच काकांनी खिशातला कापूस अर्धा करून माझ्या हातावर ठेवला.

"घाला कानात, घरचा हाये. अन् चपला पायातच राहू द्या जी."