हळू ठोकणारा

ऐंशीच्या दशकात मी घुग्घुसला शिक्षक होतो. बसमध्ये शेजारी रोज एक खाणकामगार बसायचा. बसण्याआधी तो हात उंचावून बसच्या छतावर दोनदा ठोकायचा. एकदा मला हसू आलं.

"सवय हाय गुरुजी. खदानीत छत ठोकल्याशिवाय आमी बसत नाई. पोकळ वाजलं का पळाचं."

मग त्याने खिडकीतून एक गाव दाखवलं. तिथे त्याची मुलगी दिलेली होती. जावयाशी भांडण झाल्यापासून हा तिच्या दारात गेला नव्हता.

"पन आमचा बोगदा बराबर तिच्या घराखालून जाते. मी तिथीच बसून डबा खातो."

"तिथंही छत ठोकता?"

"ठोका लागते. पन हळू ठोकतो," तो म्हणाला. "बाळंतीण हाय ना ती."