तोफेचं तोंड कुणीकडं?

आमच्या गावात एकाच घरावर रणगाड्याची तोफ रोखलेली आहे. ते घर आमचं.

(यात शत्रुराष्ट्राचा काही संबंध नाही. जे झालं ते माझ्यामुळं झालं.)

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील निपाणीच्या विडी कामगारांची पत्रकं छापून आणायचे, त्यामुळं मी पहिलं अक्षर गिरवलं ते 'जाहीर निषेध'मधला 'ज'. 'अ' पुष्कळ नंतर भेटला. पुढं मी स्वतःच पत्रकं काढू लागले. गावानं ती मनापासून वापरली. कुणी त्यात भडंग बांधलं, कुणी तंबाखू. शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस एकच होता, आमचा आज्जा. भिंग लावून वाचायचा, घडी घालायचा आणि म्हणायचा, "बरं हाय. जरा लांबलंय."

आज्जा फौजेत रणगाड्याचा ड्रायव्हर होता. एकाहत्तरच्या लढाईत त्यानं टी-५५ चालवला. पण लढाईचं विचारलं की तो गाडीचं सांगायचा.

"छत्तीस टनाचं धूड बघ. रशियाचं. अंगानं बुटकं, म्हणून लांबनं दिसत न्हाय. शंभर मिलिमीटरची तोफ. आत माणसं चार. तिघं वर टरेटात, म्हंजे तोफंच्या फिरत्या घुमटात, आणि ड्रायव्हर एकटाच खाली, म्होरं, डाव्या अंगाला. त्येच्या शेजारी डिझेलची टाकी आणि तोफेचे गोळे."

"भ्या वाटायचं न्हाय, आज्जा?"

"गिअर लई जड असायचा."

बस्स, एवढंच!

तर असाच एक निवृत्त टी-५५ आमच्या गावाला मिळाला. गावातली पुष्कळ पोरं फौजेत, तेव्हा मान म्हणून. ग्रामपंचायतीचे अध्यक्ष बाळूअण्णा यांनी बसस्टँडसमोर चौथरा बांधला. मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं: 'गावाला दवाखाना हवा की रणगाडा?' उद्गारचिन्हं सढळ हातानं टाकली होती. गावानं भडंग खाल्लं.

क्रेननं रणगाडा चौथऱ्यावर ठेवला, तोंड रस्त्याकडं, म्हणजे उत्तरेला. सोबत आलेल्या फौजी मेकॅनिकनं सांगितलं की वरचं टरेट हातानं फिरवता येतं. तोफ कुणीकडं ठेवायची ते ठरवा, मग टरेट पक्कं करतो आणि वेल्डर सगळी दारं कायमची बंद करील. प्रश्न अगदी साधा होता. फक्त तो सीमाभागात विचारला गेला होता!

"हाय तशीच ऱ्हाऊ द्या," अध्यक्ष म्हणाले.

"आवो अण्णा, उत्तरंला कोल्हापूर हाय!" गर्दीतून एकजण ओरडला. "कोल्हापुरावर तोफ धरता व्हय? माझी सासुरवाडी हाय तितं!"

"मग तर ऱ्हाऊच द्या," दुसरा म्हणाला.

मेकॅनिक आत उतरला आणि चाक फिरवू लागला. तोफ दक्षिणेला वळली. कन्नड शाळेचे मास्तर उठले.

"अध्यक्षरे, दक्षिणेला बेळगाव, त्याच्या पुढं बेंगळूर. राजधानीवर तोफ? उद्या पेपरात फोटो येईल!"

तोफ पूर्वेला वळली. पूर्वेला चिकोडी. तिथं आमच्या पाणीयोजनेची फाईल झोपलेली.

"तालुक्याच्या सायबावर तोफ धरल्यावर पाणी मिळंल व्हय?"

"तसंबी कुठं मिळतंय? धरून तर बघू!"

शेवटी अध्यक्षांच्या पुतण्यानं मोबाईलवर पाकिस्तानची दिशा काढली. वायव्य! सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तोफ वायव्येला वळली आणि थेट जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, शिखरावर जाऊन थांबली. भरमूआप्पा हात जोडून पुढं आले. सूर्य मावळायच्या आत जेवणारा माणूस.

"अण्णा, आमी मुंगी बघून पाय टाकतो. आणि आमच्या बस्तीवर रणगाडा?"

मेकॅनिक घामाघूम होऊन वर आला. त्यानं गावाकडं पाहिलं आणि विचारलं, "आप लोगों का दुश्मन है कौन?"

यावर उत्तरं फार होती, पण सगळी शेजारीच उभी होती.

मग मी पुढं झाले. "उत्तर आणि वायव्य यांच्या मधोमध ओढ्याकाठचा ऊस आहे," मी म्हणाले. "तोफ जरा उत्तरेकडं घ्या आणि खाली झुकवा. कुणावर रोखलेली नाही, मान खाली घातलेली तोफ! युद्धाचा निषेध!"

टाळ्या पडल्या. माझ्या विचाराला गावानं दिलेल्या पहिल्याच टाळ्या. तोफ उत्तरेकडं सरकली, खाली झुकली.

"आरं, आता ड्रायव्हर कुठनं भाईर यायचा?"

आज्जाचा आवाज. इस्त्रीचा शर्ट घालून तो सकाळपासून खुर्चीवर बसला होता.

लोक हसले. "आज्जा, आत ड्रायव्हर हाय कुठं?"

मीही हसले. वर त्याला समजावलंसुद्धा, "आज्जा, हे प्रतीक आहे."

आज्जानं काठी टाकली. मेकॅनिकचा हात धरून तो रणगाड्यावर चढला आणि ड्रायव्हरच्या दाराशी बसला. दारावर तोफ टेकल्यासारखी आलेली. मधल्या फटीत त्यानं हात घातला आणि काढेनाच. वेल्डर खोळंबला. घरचं माणूस म्हणून मला वर पाठवण्यात आलं.

"आज्जा, खाली चल. लोक हसायलेत."

"हसू दे." तो माझ्याकडं न बघता बोलू लागला. "मल्लप्पा म्हणून हुता. चिकोडीकडचा. शेजारची गाडी त्येची. गाडी चिखलात रुतली आणि वर गोळा बसला. तोफ अशीच हितं येऊन अडकली. दार उचलंना. ड्रायव्हरला खालनं एक दार असतंय, ते चिखलात. मी वरनं वडतोय, त्यो आतनं ढकलतोय. हाका मारत हुता, कन्नडमधी."

"मग?"

"मग न्हाय मारल्या."

युद्धाविरुद्ध मी ढीगभर लिहिलं होतं. 'मानवतेवरचा कलंक', 'सत्ताधाऱ्यांचा डाव' वगैरे. त्यात या दाराचा उल्लेख कुठंच नव्हता.

मी रणगाड्यावर उभी राहिले आणि ओरडले, "तोफ आमच्या घराकडं करा!"

आमचं घर पश्चिमेला, बरोबर समोर. तिकडं वळवली की दार मोकळं. गावानं हा ठराव तिथंच मंजूर केला. मराठी, कन्नड, बस्तीवाले, सगळे एकमुखानं! एवढी एकी मी कुठल्याच मोर्चात पाहिली नव्हती. विरोध केला तो फक्त आईनं. ती गल्लीतून धावत आली.

"अगं बया! तोफ माझ्या न्हाणीघराकडं? आंघोळ कशी करायची?"

"आई, ती चालत नाही गं."

"बघती तर हाय की!"

तोफ वळली. आज्जानं आणि मेकॅनिकनं मिळून दार उचललं. आज्जानं आत वाकून पाहिलं नाही. पत्र्यावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "बारो, मल्ल्या."

ये रे. इथं कन्नड सगळ्यांनाच कळतं. त्या दिवशी कुणी ते नाकारलं नाही.

मग तो थांबला. एका माणसाला आतून बाहेर यायला लागावा तेवढा वेळ. थोडा बाजूलाही सरकला, वाट द्यायला. मग वेल्डरला म्हणाला, "आता कर बंद."

आज्जा पुढच्या थंडीत गेला.

मी अजून पत्रकं काढते. खिडकीशी बसून लिहिते, समोर तोफ. पाहुणे विचारतात, "तुमच्याच घरावर का?" मी म्हणते, "लिखाण जहाल आहे." ("जहाल कसलं? लांबलचक!" आई आतून.) खरं सांगायचं तर माझ्या कागदाकडं इतकं टक लावून बघणारा आता तो एकच वाचक उरलाय. आणि त्याच्याही आत कुणी नाही.